सॉफ्टबॉलचा फिल्डर मास्क: घ्याच, आणि सक्तीचाच करा

पोरगी थर्ड बेसला (बॅटरच्या जवळची फिल्डिंगची जागा) खेळते म्हणून तिच्यासाठी स्टीलच्या तारांचा फिल्डर मास्क, म्हणजे फिल्डिंग करताना चेहरा वाचवणारी जाळी, घेतला, सीझनभर वापरून सांगतेय, पैसे वसूल. हलका आहे, डोळ्यांसमोर मोठी फट आहे त्यामुळे पायाशी येणारा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) पण नीट दिसतो, मागचा पट्टा घट्ट करता येतो आणि पोनीटेल आरामात बाहेर निघते. हनुवटीचा फोम मात्र घामाने भिजतो, धुवून वाळवला नाही तर वास मारतो आणि पुरळ येते.

आता मुद्द्याचं. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर (बॉल टाकणारी) बॅटरच्या जागेपासून ४३ फुटांवर, त्यात बॉल टाकल्यावर ती अजून पुढे आलेली असते. ताशी ९५ किमीने परत आलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत तोंडावर! थर्ड बेसवाली तर बंट (बॅटने नुसता हळूच टेकवलेला बॉल) अडवायला धावत पुढे येते आणि बॅटरने ऐनवेळी जोरात फिरवली तर? बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरला मास्क सक्तीचा, मग पिचर आणि थर्ड बेसच्या पोरींनी कुणाचं काय घोडं मारलंय? काही कोच म्हणतात मास्कने पोरी भित्र्या होतात, मला अजिबात पटत नाही, उलट आमची आता बॉल आला की मान फिरवत नाही. शाळांनी किटमध्येच मास्क ठेवावेत, सगळ्या पालकांना परवडतीलच असं नाही.

ऑनलाईन घेताना साईज नीट बघा, यूथ आणि अ‍ॅडल्ट वेगळे येतात, ढिला मास्क बॉल लागला की नाकावरच आपटतो.