मुंबईचा इतिहास पाहायचाय: भायखळा की फोर्ट?

मुंबईत हाताशी एकच मोकळा दिवस असला की हमखास हा प्रश्न पडतो: भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावं, की फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय? दोन्ही एकाच दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. दुसऱ्यापर्यंत पाय थकतात आणि डोळेही.

इमारतीसाठी जाणार असाल तर सरळ फोर्टात जा. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने ती बांधताना दगड इथलाच घेतला: कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर. आतल्या कमानींवर विजापूरच्या गोलघुमटाची छाप आहे. पण माझा जीव अडकतो तो मधल्या दालनातल्या लाकडात. हे कोरीव खांब आणि कमानी नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या आहेत. आत गेल्यावर लगेच काचेच्या पेट्यांकडे वळू नका, घुमटाखाली पाच मिनिटं नुसते उभे राहा. वाड्यात बालपण गेलेल्या माणसाला तिथून हलवत नाही. १९०५ साली पायाभरणी झाली, १९१४ मध्ये इमारत उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिचं लष्करी रुग्णालय झालं आणि लोकांसाठी दारं उघडायला १९२२ उजाडलं.

मात्र आत मुंबई थोडीच आहे. घारापुरीची शिल्पं आहेत, ती चुकवू नका. बाकी सिंधू संस्कृती, सिंधमधल्या मीरपूरखासचे मातीचे बुद्ध, लघुचित्रं, टाटांचा संग्रह असा मोठा पसारा आहे. अर्धा दिवस सहज जातो, तिकीटही भायखळ्यापेक्षा महाग.

भायखळ्याला नेमकं उलट. १८७२ सालची ही वास्तू बाहेरून युरोपी, आत ओतीव लोखंडाचे खांब, इंग्लंडहून आलेल्या फरश्या, छताला सोनेरी वर्ख. स्थानिक वळण शोधाल तर इमारतीत सापडणार नाही. ते आहे मातीच्या लहान लहान बाहुल्यांत. पगड्यांचं कपाट बघा: कोणत्या जातीजमातीची पगडी कशी बांधायची, तिचा पीळ कुठे, टोक कुठे, सगळं मातीत उतरवलंय. कारागीर, होड्या, जुने नकाशे, पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची, प्रतिकृती. आपल्या पणजोबांची मुंबई कशी होती याचं उत्तर इथे मिळतं, फोर्टात नाही. संग्रहालयाच्या उभारणीसाठी झटलेल्या भाऊ दाजींचं नाव मात्र त्याला १९७५ मध्ये मिळालं. पडझड झालेली ही वास्तू दुरुस्त करून २००८ मध्ये पुन्हा उघडली, ते काम इतकं निगुतीने झालंय की जिन्याचे कठडेसुद्धा थांबून बघावेसे वाटतात.

म्हणून माझं मत: शहर समजून घ्यायचं असेल, सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील, तर भायखळा. दीड-दोन तासांत नीट पाहून होतं आणि मुलांना बाहेर बाग आहेच. वास्तुकलेचे विद्यार्थी असाल, किंवा मुंबईत पुन्हा कधी येणं होईल याची खात्री नसेल, तर फोर्ट.

भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. स्टेशनवरून पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. आणि निघताना आवारातला, मूळचा घारापुरी बेटावरचा दगडी हत्ती बघूनच जा. पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, त्यात तो फुटला. त्याचे तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले.