नवे ‘प्लेयर्स हँडबुक’ (२०२४): कँट्रिप्सचा हिशेब कितपत जुळला?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे ‘प्लेयर्स हँडबुक’ हे नियमपुस्तक २०१४ साली आले आणि बरोबर दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, विझर्ड्स ऑफ द कोस्टने त्याची ३८४ पानांची सुधारित आवृत्ती बाजारात आणली. बारा क्लास (विझर्ड, फायटर यांसारखे पात्रांचे प्रकार) आणि अठ्ठेचाळीस उपक्लास असलेल्या या ग्रंथाचे सर्वांगीण परीक्षण करण्याचा इथे विचार नाही. कितीही वेळा वापरता येणारी जादू, म्हणजेच कँट्रिप्स, या आवृत्तीत निरनिराळ्या क्लासमध्ये किती न्यायाने वाटल्या गेल्या आहेत, एवढाच प्रश्न मी तपासणार आहे, कारण प्रत्येक लढाईच्या जवळजवळ प्रत्येक फेरीत जादूगार खेळाडूच्या हाती हेच हत्यार असते.

खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत कँट्रिप्सनाही रोजची मर्यादा होती, त्यामुळे पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरचा, विझर्ड दोनचार मंत्र म्हणून झाले की क्रॉसबो उचलून नेम धरत बसे, आणि मग तो विझर्ड कशाला घेतला, असा प्रश्न पडे. २०१४च्या पुस्तकात कँट्रिप्स अमर्याद असल्याने ही अडचण उरली नाही. मात्र तेव्हापासून सगळ्या कँट्रिप्स सारख्या नव्हत्याच. विझर्डची ‘फायर बोल्ट’ आणि वॉरलॉक या दुसऱ्या जादूगार क्लासची ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ या दोन्हींचा पल्ला १२० फूट आणि दोन्हींच्या डॅमेजचा (शत्रूला होणाऱ्या इजेचा) फासा दहा बाजूंचा, पण पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला पहिलीचे फासे वाढतात, तर दुसरीचे किरण वाढतात. प्रत्येक किरणाचा हल्ला वेगळा, आणि ‘अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट’ ही वॉरलॉकची खास क्षमता घेतली असेल तर कॅरिझ्मा या गुणाची भर प्रत्येक किरणावर वेगळी. अकराव्या लेव्हलला, कॅरिझ्मा वीस (म्हणजे भर पाच) धरून, तीनही किरण लागले तर सरासरी डॅमेज ३१.५ होते. त्याच लेव्हलला लागलेली ‘फायर बोल्ट’ १६.५ देते. लाँगबो घेतलेल्या फायटरचे तीन बाणसुद्धा, फीट्स (पात्राची जादा कसबे) आणि जादूची शस्त्रे बाजूला ठेवली तर, २८.५वर थांबतात. शिवाय आगीला दाद न देणारे राक्षस पुष्कळ आहेत, ‘एल्ड्रिच ब्लास्ट’च्या ‘फोर्स’ (निव्वळ जादुई शक्तीच्या) डॅमेजला दाद न देणारे अगदी थोडे.

हे आकडे पाहून वॉरलॉकवर पक्षपाताचा आरोप करणे सोपे आहे, पण तो मला मान्य नाही. दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत वॉरलॉककडे स्पेल स्लॉट (मोठे मंत्र म्हणण्याच्या संधी) असतात केवळ दोन, आणि ते दोन्ही परत मिळवायला सहसा शॉर्ट रेस्ट, म्हणजे मोहिमेतली छोटी विश्रांती, लागते, जी घ्यायला बाकीची मंडळी तयार असतीलच असे नाही. त्याची ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ ही खरे तर फायटरच्या तलवारीच्या जागी आहे. चौदा-पंधरा स्लॉट खिशात असलेल्या नवव्या-दहाव्या लेव्हलच्या विझर्डने तिचा हेवा करू नये.

नव्या पुस्तकाचे यश असे, की त्याने वॉरलॉकला खाली ओढले नाही, तर बाकीच्यांना थोडे वर आणले. इव्होकर या उपक्लासच्या विझर्डला ‘पोटेंट कँट्रिप’ ही क्षमता आता सहाव्याऐवजी तिसऱ्याच लेव्हलला मिळते आणि नेम चुकला तरी निम्मे डॅमेज होते. सॉर्सररला ‘सॉर्सरस बर्स्ट’ ही स्वतःची कँट्रिप मिळाली आहे, जिच्यात आठ पडला की आणखी एक फासा टाकायचा. ही टेबलावर फार मजा आणते. बार्डच्या ‘व्हिशस मॉकरी’चा चार बाजूंचा फासा सहाचा झाला. ‘ट्रू स्ट्राइक’ तर पुनर्जन्मच पावली: पूर्वी ती घेणारा खेळाडू मला भेटला नव्हता, आता तिच्यामुळे जादूगार आपल्या मंत्रशक्तीच्या बळावर शस्त्राने प्रत्यक्ष हल्ला करतो. क्लेरिक आणि ड्रुइड यांना सातव्या लेव्हलला कँट्रिपच्या डॅमेजमध्ये विझ्डम या गुणाची भर घालण्याचा पर्याय आहे, पण ती एकदाच मिळते, किरणागणिक नाही. हे प्रमाण मला योग्य वाटते.

फसले आहे ते मल्टिक्लासिंग, म्हणजे एकाच पात्राने एकाहून अधिक क्लासच्या लेव्हल घेणे. किरणांची संख्या आजही वॉरलॉकच्या लेव्हलवर नव्हे, तर पात्राच्या एकूण लेव्हलवर ठरते. ‘अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट’साठी वॉरलॉकच्या दोन लेव्हल पुरतात. म्हणजे नऊ लेव्हल सॉर्सरर आणि दोन लेव्हल वॉरलॉक असे पात्र तीन किरण भरीसकट सोडते, आणि सॉर्सररच्या खास साठ्यातले दोन सॉर्सरी पॉइंट खर्चून मंत्र झटपट म्हणण्याचे ‘क्विकन्ड स्पेल’ वापरले तर त्याच फेरीत आणखी तीन. सहाही लागले तर सरासरी ६३. स्लॉटच्या ज्या गरिबीची भरपाई म्हणून हे किरण दिले होते, ती गरिबी या पात्राच्या वाट्याला येतच नाही, कारण सॉर्सररचे स्लॉट त्याच्याकडे शाबूत असतात. दहा वर्षे सर्वांना ठाऊक असलेली ही फट बुजवायला एक वाक्य पुरले असते. ते लिहिले जाईपर्यंत डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) ‘किरण वॉरलॉकच्या लेव्हलनुसार’ असा घरचा नियम पहिल्याच सत्रात सांगून टाकावा.

‘गायडन्स’ या दुसऱ्याच्या प्रयत्नाला हातभार लावणाऱ्या कँट्रिपबाबतही काम अर्धवट राहिले आहे. आता आधी एक कौशल्य निवडावे लागते, हे चांगले. तरीही दर कुलपापाशी, दर भिंतीपाशी क्लेरिक हात पुढे करतोच, आणि ती फुकट असल्यामुळे त्याला नको म्हणायला नियमांत आधार नाही.

पुस्तकाची अमेरिकेतील छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे. केवळ कँट्रिप्सचा ताळमेळ पाहायचा असेल, तर २०२५ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झालेला नियमसंच, एसआरडी ५.२, आधी वाचावा. त्यात प्रत्येक क्लासचा एकच उपक्लास आहे, पण विझर्डच्या वाट्याला नेमका इव्होकरच आला आहे.