नादार की दिस्देरी? पोर्ट्रेट शिकणाऱ्याने आधी कोणाचं काम बघावं

पोर्ट्रेट मनापासून शिकायचं असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आणि तिथे पोचलं की दोन नावं समोर येतात. फेलिक्स तूर्नाशाँ ऊर्फ नादार, जन्म 1820. आणि आंद्रे-अडोल्फ-युजेन दिस्देरी, जन्म 1819. शहर तेच, वर्षंही तीच, दोघांची काचही तीच. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. समोरच्याला काही सेकंद तरी हलायची सोय नाही. एवढं सगळं सारखं असून दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर एका जगातले वाटत नाहीत.

दिस्देरीचा प्रश्न पोटापाण्याचा होता. मोठ्या काचेवर एकच फोटो काढायचा म्हणजे मेहनत फार, आणि किंमत श्रीमंतांनाच परवडणारी. 27 नोव्हेंबर 1854 ला त्याने एका युक्तीचं पेटंट घेतलं: एकाच काचेवर अनेक छोटी चित्रं घ्यायची, कागदावर उतरवून कापायची आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायची. साधारण सहा बाय दहा सेंटिमीटर. फोटो डझनावारी मिळू लागले, लोक ते वाटू लागले, सम्राटांचे आणि नट्यांचे फोटो विकत घेऊन अल्बम भरू लागले. एवढ्याशा कार्डावर चेहरा असून असून किती असणार? म्हणून माणूस पूर्ण उभा, शेजारी खांब किंवा कठडा, मागे पडदा. सांगायचं असतं ते कपडे, उभं राहणं आणि आसपासच्या वस्तू यांतून. आपल्याकडच्या जुन्या अल्बममध्ये पणजोबा एका हाताने खुर्चीची पाठ धरून रंगवलेल्या पडद्यापुढे उभे असतात ना, त्या उभं राहण्याचं मूळ याच कार्डांच्या लाटेत आहे.

नादार मुळात व्यंगचित्रकार. 1854 मध्ये त्याने त्या काळच्या लेखकांची लांबलचक रांग एका शिळाछापात काढली. माणसाच्या चेहऱ्यात नेमकं काय धरायचं, हे त्याच्या हाताला कॅमेऱ्याच्या आधीच ठाऊक होतं. सँ-लाझार रस्त्यावरच्या 113 क्रमांकाच्या घरातल्या स्टुडिओत त्याने सामान जवळजवळ काढूनच टाकलं. साधा पडदा, बाजूने येणारा उजेड, अंगावर गडद कपडे, मांड्यांपर्यंतचा देह, आणि सगळा भार चेहऱ्यावर. बोदलेर, नेर्वाल, गोतिए हे कवी-लेखक आणि चित्रकार देलाक्रुआ हे त्याच्या ओळखीपाळखीतले लोक. 1864 च्या सुमाराचा सारा बर्नहार्ट या नटीचा फोटो बघा. ती वीसेक वर्षांची आहे, अंगाभोवती नुसतं कापड गुंडाळलंय आणि ती एका खांबाला टेकली आहे. होय, इथेही खांब आहेच. पण तो तुम्हाला दुसऱ्यांदा पाहताना दिसतो.

नादारच्या धाकट्या भावाने ‘नादार’ हे नाव वापरायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. तिथे नादारने मांडलेला मुद्दा असा: फोटोग्राफीचं शास्त्र तासाभरात कळतं, हाताची कामं दिवसभरात जमतात, पण उजेडाची जाण आणि समोरच्या माणसाचं मन ओळखणं शिकवून येत नाही. 1857 मध्ये तो जिंकला.

म्हणून आधी नादार, हे माझं उत्तर ठाम आहे. एक खिडकी आणि हातातला फोन एवढ्यावर त्याचा धडा आजही गिरवता येतो. फक्त त्याच्या कामाची तारीख बघून घ्या. 1860 मध्ये तो बुलव्हार दे काप्युसीनवरच्या प्रचंड स्टुडिओत गेला. दर्शनी भागावर स्वतःचं नाव, खर्च अफाट. तो भागवायला त्यालाही कार्डांचा धंदा करावा लागला. बलूनमधून आणि भुयारांतून फोटो काढण्याची ओढही त्याच काळातली. पुढे मुलगा पॉलने स्टुडिओ सांभाळला. त्यामुळे खाली ‘नादार’ छापलेला प्रत्येक फोटो फेलिक्सच्या नजरेतला असेलच असं नाही. जीव ओवाळावा असं काम बरंचसं 1855 ते 1860 मधलं आहे.

पण तुम्ही लग्नसमारंभ किंवा शाळेचे फोटो काढून पोट भरणार असाल, तर मात्र क्रम उलटा करा. नादारची पद्धत ओळखीच्या माणसावर चालते. त्याच्यासमोर बसलेल्यांशी त्याला गप्पा मारता येत होत्या. अनोळखी माणूस दारात आला, दहा मिनिटांत बाहेर जाणार आणि तरी त्याला स्वतःचा फोटो आवडायला हवा, ही अडचण सोडवली ती दिस्देरीने. त्याचे न कापलेले कागद उपलब्ध आहेत, ते जरूर शोधा. एकाच कागदावर आठ चौकटी, बाई तीच, आणि हात, मान, नजर मात्र बदलत गेलेली. पोझ कशी घडते हे इतकं उघडं क्वचितच बघायला मिळतं. त्याला नुसता धंदेवाईक म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे कागद बहुधा पाहिलेलेच नसतात. लाखोंना स्वतःचा चेहरा जपून ठेवता आला त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे, आणि 1889 मध्ये तो स्वतः गरिबीत मेला याचं मला वाईट वाटतं.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर दोघांचंही काम फुकट बघता येतं. एका संध्याकाळी नादारचा नेर्वाल उघडा, शेजारी दिस्देरीचा एखादा आठ चौकटींचा कागद ठेवा, आणि दोन्हींत हात कुठे ठेवलेत ते बघा.