लेडी इन सॅटिन: सात महिने ऐकल्यानंतर

बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकेची ही १९५८ ची रेकॉर्ड घरी आली त्या संध्याकाळी पहिली बाजू संपायच्या आतच मी सुई उचलली. बिली हॉलिडे म्हटलं की माझ्या कानात १९३५ नंतरची, पियानोवादक टेडी विल्सनच्या छोट्या वाद्यवृंदाबरोबरची गाणी वाजायला लागतात. हलका, खोडकर, तालाच्या जरा मागे रेंगाळणारा आवाज. इथे त्याऐवजी समोर आलं व्हायोलिनांचं गुळगुळीत कापड आणि त्यावरून फिरणारा खरखरीत आवाज. भेगाळलेल्या टाचेत साटीनचा धागा अडकावा, तसं दर ओळीला काहीतरी अडकत होतं. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "हिचे दात पडलेत का रे?"

मला हसू आलं, पण तिचं निरीक्षण चूक नव्हतं. शब्द खरंच कडेला घासून येतात.

आता सात महिने झालेत. मधे पावसाळा गेला, एकदा रेकॉर्ड बदलून घ्यावी लागली, १९९७ ची सीडी आवृत्तीही मिळवली. म्हणून आता लिहितो आहे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "फक्त संग्राहकांसाठी" एवढं म्हणून दोन तारे दिले असते.

आधी वस्तूबद्दल. माझी प्रत १८० ग्रॅमची, स्टिरिओ, मूळ मुखपृष्ठासकट. पहिली प्रत मध्याला नीट छिद्र न पडलेली निघाली. जॅझमध्ये ढोल-बासवर ते एकवेळ खपून जातं, पण इथे व्हायोलिनं लांब सूर धरून बसतात आणि छिद्र केसभर सरकलेलं असलं तरी तो सूर डुलायला लागतो. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं: "सर, जुनं रेकॉर्डिंग आहे, बाईंचा आवाजच तसा आहे." तीन वेळा समजावल्यावर, व्हिडिओ पाठवल्यावर बदलून मिळाली. दुसरी प्रत सपाट आणि शांत आहे. आतला कागदी लिफाफा मात्र फेकून द्या. त्याचे बारीक तंतू रेकॉर्डला चिकटतात आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. प्लास्टिकच्या अस्तराचे लिफाफे वेगळे घ्या आणि कपाटात रेकॉर्ड उभीच ठेवा.

आवाजाची मांडणी चांगली आहे. तारवाद्यं दोन्ही बाजूंना पसरलेली, बाई मधोमध आणि अगदी जवळ. इतकी जवळ की श्वास घेतलेला कळतो, आणि पहिले काही आठवडे मला तेच नकोसं होत होतं. हे रेकॉर्डिंग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत झालं. ती मुळात चर्चची इमारत, छत उंच. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम पुढच्याच वर्षी तिथेच झाला. त्या दालनातली हवा या रेकॉर्डवर आहे, विशेषतः ट्रॉम्बोन वाजतो तेव्हा.

एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासा. १९५८ मध्ये मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने येणाऱ्या) एलपीवर १२ गाणी होती, स्टिरिओवर ११. राहिलेलं गाणं 'दि एंड ऑफ अ लव्ह अफेअर'. त्यात ऑर्केस्ट्रा आधी वाजून झाला आणि गायन नंतर मोनो टेपवर चढवलं गेलं, त्यामुळे स्टिरिओ टेपवर गाणं होतं पण गायिकाच नव्हती. माझी प्रत जुन्या स्टिरिओबरहुकूम, म्हणजे दुसऱ्या बाजूला पाचच गाणी. १९९७ च्या सीडीवर ते गाणं आहे आणि ते कसं घडलं हे ऐकवणारा सुमारे १० मिनिटांचा तुकडाही आहे. २०१५ मध्ये, तिच्या जन्मशताब्दीला, तीन सीडींचा संचही निघाला. तो माझ्याकडे नाही.

माझं मत बदललं ते या सीडीमुळे. 'आय'म अ फूल टू वाँट यू' या पहिल्याच गाण्याचे दोन वेगवेगळे टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) तिच्यावर आहेत. एकापाठोपाठ एक ऐका. आवाज दोन्हीकडे तितकाच थकलेला, पण शब्द कुठे ठेवायचा, कुठे थांबायचं, कुठली ओळ बोलल्यासारखी सोडून द्यायची, हे दोन्हीकडे सारखं नाही. तोवर मी समजत होतो की दम पुरत नाही म्हणून ओळ तुटते. दम पुरत नव्हता, हे खरंच. पण ती कुठे तोडायची, हे बाई ठरवत होत्या. लय जशीच्या तशी शाबूत आहे. खाली तारवाद्यं मोजून-मापून चालतात आणि ही सावकाश मागून येते, कधी अर्धी मात्रा, कधी त्याहून जास्त, आणि तरी नेमकी जागेवर उतरते.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजायला खरं तर इतका वेळ लागायला नको होता. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं, त्यानंतरचं त्यांचं गाणं आपण छोट्या छोट्या तुकड्यांतून ऐकलंच ना? तिथे "दम कमी पडतो" असं कोणी म्हणत नाही. इंग्रजी गाण्यांना मात्र आपण गोडव्याचीच फूटपट्टी लावून बसतो. निदान मी तरी.

व्हायोलिनांबद्दलची तक्रार जुनीच आहे: जॅझ गायिकेला कंपनीने गोड पाकात बुडवलं. मीही तसंच म्हणत होतो. प्रत्यक्षात रे एलिस हा संयोजक तिनेच मागितला होता, त्याचा 'एलिस इन वंडरलँड' अल्बम ऐकून. तारवाद्यांचा हट्टही नवा नव्हता. १९४४ मध्ये डेक्का कंपनीसाठी गाताना 'लव्हर मॅन'ला तिने तो धरला होता आणि पुरवूनही घेतला होता. तेव्हा हे कापड तिने स्वतः निवडलेलं आहे. काही ठिकाणी मागून 'ऊ-ऊ' करणारा कोरस मला अजूनही सोसत नाही, ते वेगळं. 'फॉर हेवन्स सेक' मी सहसा गाळतो.

गाण्यांची निवडही हुशारीची आहे. 'आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल', 'ग्लॅड टू बी अनहॅपी' आणि 'आय'ल बी अराउंड' ही तिन्ही गायक फ्रँक सिनात्राने या रेकॉर्डच्या तीनच वर्षं आधी, 'इन द वी स्मॉल अवर्स' या अल्बममध्ये गायलेली. सिनात्रा या बाईंकडून शिकलो असं सांगायचा आणि इथे त्या त्याच्याच दारातून आत शिरतात. दोन्ही रेकॉर्डी समोर ठेवून एक रविवार घालवा. तो विरह सांगतो, नीट इस्त्री केलेल्या कोटात. बाईंच्या अंगावर मात्र तो कोट कालपासूनचा आहे. 'आय'म अ फूल टू वाँट यू' या पहिल्या गाण्याच्या गीतकारांतही सिनात्राचं नाव आहे, १९५१ मध्ये त्याने ते आधी गायलं होतं. त्याचं ऐकून झाल्यावर मग बाईंचं लावा, उलट क्रमाने नको.

माझं सर्वांत जास्त वाजलेलं गाणं दुसऱ्या बाजूचं पहिलं, 'यू'व्ह चेंज्ड'. त्या दोन शब्दांवर ती दर वेळी वेगळ्या वजनाने येते. एकदा तक्रार, एकदा नुसती नोंद, शेवटी तर जवळजवळ कुतूहल. हे गाणं चाळिशीच्या आत मला कळलं नसतं, असं वाटतं.

नवख्यांनी इथून सुरुवात करू नये. आधी तीसच्या दशकातली, लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनबरोबरची गाणी ऐका. 'लेडी डे' हे नाव तिला त्यानेच दिलं आणि तिने त्याला 'प्रेझ'. तो आवाज कानात मुरला की मगच इकडे या. नाहीतर काय हरवलंय तेच कळणार नाही, आणि काय उरलंय तेही. स्वयंपाक करता करता, गाडी चालवता चालवता ऐकायची ही रेकॉर्ड नाही. मी दोन्ही करून पाहिलं, फक्त व्हायोलिनं ऐकू आली. रात्री दिवा मालवून, आवाज बेताचा ठेवून, एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू सलग मला अजून झेपलेल्या नाहीत.

आई आता कधीकधी स्वतःहून म्हणते, "ती म्हातारी लाव." इंग्रजी तिला येत नाही. भावगीतांवर वाढलेली बाई, पण 'यू'व्ह चेंज्ड' सुरू झालं की निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात राहते. गेल्या महिन्यात मी तिला सांगितलं की ही म्हातारी नाही. जन्म एप्रिल १९१५ चा, रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९५८ चं, म्हणजे ४२ पूर्ण, ४३ ला थोडे दिवस कमी. दारू, हेरॉइन, तुरुंग, मग न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवानाच काढून घेतलेला. १७ जुलै १९५९ ला इस्पितळात गेली. त्याच खोलीत तिला अटकही झाली होती.

आई काही बोलली नाही. दोन-चार काड्या निवडल्या आणि म्हणाली, "धाकटीपेक्षा लहान." धाकटी म्हणजे माझी बहीण, ती ४५ ची आहे.

साडेचार तारे. अर्धा त्या कोरसचा कापला.