"ताई, फालतू सगळं काढून देतो"

अंबाजोगाईत माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. विद्यापीठाचे प्रबंध, कोर्टाचे कागद, लग्नपत्रिका आणि हंगाम येईल तसे ऑनलाइन अर्ज. डेस्कटॉप एकच. 2019 साली घेतलेला, कंपनीचा, आत ओरिजनल विंडोज 10 घालूनच आलेला. माझे पैसे फार गेले नाहीत, 2,200 रुपये आणि एक रॅम. पण जाऊनही महिनाभर मी त्या माणसाचं कौतुक करत होते, म्हणून लिहिते.

2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं पावसानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीन पाण्यात गेलं, मग अनुदानाच्या केवायसीसाठी दुकानात रांगा. त्यातच मशीन रुसलेलं. चालू करायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन यायचं, तरी गोल फिरतच असायचं. वरून स्क्रीनवर सूचना यायला लागली की 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट बंद होणार. ही सूचना खरी होती. त्या तारखेनंतर नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबणार होते. मला मात्र वाटलं, मशीनच बंद पडणार.

दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड सुरू व्हायच्या आत काम उरकावं म्हणून डबा गाडीत घालून लातूरला नेला. दुकान गजबजलेलं, पोरगा हुशार, बोलायला गोड. त्यानं मशीन लावलं, स्टार्ट उघडला आणि माझ्याकडं बघून हसला.

"ताई, लई फालतू सामान भरलंय ह्याच्यात. हे एक्सबॉक्स बघा. तुम्ही गेम खेळता का? हे हवामान, ह्या बातम्या, हे वनड्राइव्ह. कंपनी घालून ठेवते आणि मशीनचा जीव जातो. सगळं काढून देतो."

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. एक्सबॉक्स मला खरंच नको होतं. माझी फसवणूक एका खऱ्या वाक्यानं सुरू झाली, त्यामुळं पुढची खोटी वाक्यं मी तपासलीच नाहीत. "ह्या मशीनवर विंडोज अकरा बसत नाही, माझ्याकडचं लाइट अकरा बसतं." "लायसन्स लाइफटाइम." "अँटीव्हायरसच निम्मी रॅम खातो, तो पण काढलाय. तुम्ही कुठं वाकड्या साइटवर जाता?" अपडेटही बंद केलं म्हणाला, कारण अपडेट आलं की मशीन परत जड होतं. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेननं लिहिलं: सर्व्हिसिंग 2,200.

घरी आणून लावलं तर अर्ध्या मिनिटात सुरू! मी ह्यांना बोलावून दाखवलं. दोन ओळखीच्यांना त्या दुकानाचा पत्ताही दिला, त्याची आता लाज वाटते.

पहिला खडा लागला तो मराठीचा. कीबोर्डच्या यादीत फक्त इंग्रजी. सेटिंगमध्ये भाषा वाढवायला गेले, मराठी निवडली, डाउनलोड म्हटलं की चूक दाखवून बंद. बाहेरचं एक टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिवस ढकलले. मग एका पोराचा प्रबंध उघडला, दोनशे चाळीस पानांचा, मंगल फाँटमध्ये बसवलेला. उघडला तो दोनशे बावन्न पानांचा होऊन. अनुक्रमणिका एकीकडं, प्रकरणं दुसरीकडं, तक्ते मधोमध तुटलेले. मंगल, कोकिला हे फाँट विंडोज 10 पासून मूळ संचात नसतात. देवनागरीचे जादा फाँट म्हणून वेगळे उतरवून घ्यावे लागतात, आणि ते येतात अपडेटच्याच वाटेनं. ती वाट त्यानं बुजवून टाकली होती. फाँट नसला की वर्ड गपचूप दुसरा फाँट लावतो, अक्षराची रुंदी बदलते आणि पानं सरकतात. माझ्यासारख्या बाईच्या दुकानात हे म्हणजे किराणावाल्याचा काटाच उचलून न्यावा तसं झालं.

दुसरं, शेजारच्या वकीलसाहेबांचं. त्यांची डिजिटल सहीची डोंगल माझ्याच मशीनला लावून ते कागद दाखल करतात. डोंगलचा दिवा लागायचा, पण सही सापडायचीच नाही. ते म्हणाले, डोंगल खराब झाली. मीही मान डोलावली. नवी घ्यायला निघाले होते बिचारे.

शेवटी पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी विंडोज सिक्युरिटी उघड बरं." उघडलं तर खिडकीत एकच ओळ आली: ही लिंक उघडायला नवीन अॅप लागेल. तिकडं दोन क्षण शांतता. मग म्हणाला, "कुणाला दाखवलं होतंस मशीन?"

पुढचा तासभर त्यानं फोनवर एकेक गोष्ट करायला लावली. विंडोजचं बटण आणि आर दाबून सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागं चालणाऱ्या कामांची, यादी उघडली. तिच्यात स्मार्ट कार्ड नावाची सर्व्हिसच नव्हती. बंद नव्हती, मुळातून काढलेली होती. सहीची डोंगल संगणकाच्या लेखी स्मार्ट कार्डच असते, तिला ओळखणारा माणूसच घरातून हाकललेला. मग काळ्या खिडकीत एसएलएमजीआर, तिरपी रेघ, डीएलव्ही असं टाईप करायला लावलं आणि वर काय आलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचलं, व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट, आणि खाली 180 दिवसांतले उरलेले दिवस. तो हसायलाच लागला. मोठ्या संस्थांमध्ये शेकडो संगणक असतात, त्यांच्यासाठी ही पद्धत असते म्हणे: संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो, प्रत्येक मशीन त्याला अधूनमधून विचारतं आणि 180 दिवसांच्या आत नूतनीकरण करून घेतं. माझ्या दुकानात कुठली संस्था? त्या पोरानं एक नकली सर्व्हर मशीनमध्येच बसवून दिला होता. लाइफटाइम म्हणे.

खरी चीड पुढं आली. माझं ओरिजनल लायसन्स कुठं गेलं, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, कुठंच गेलं नाही. विंडोज 8 पासून कंपनीच्या मशीनमध्ये लायसन्सची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून येते. मूळ विंडोज परत टाकलं की ती आपोआप लागू होते. आणि अकरा बसत नाही हेही खोटं. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा असला आणि टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, असली की बसतं. माझा नवव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्ट ते फुकट देत होतं. म्हणजे माझ्याच घरातला सोन्याचा मणी काढून ठेवून मला काचेचा विकला, तोही 2,200 ला.

हे लाइट विंडोज म्हणजे काय, तेही तेव्हाच कळलं. कुणीतरी मूळ फाईल घेतो, तिच्यातले भाग कापतो, परत बांधतो आणि नेटवर ठेवतो. जुनी हौस आहे ही, एक्सपीच्या काळापासून चालत आलेली. स्वतःच्या मशीनवर, कापलंय काय ते समजून केलं तर ज्याचा तो धनी. पण दुसऱ्यानं कापून दिलेल्यात त्यानं वरून काय घातलंय, ते कळायला मार्ग नाही. त्या मशीनवर मी लोकांचे आधार, पासबुकं, सातबारे हाताळत होते, तेही दीड महिना, पहारेकरी नसताना. त्या रात्री झोप लागली नाही. भाच्यानं सांगितल्याप्रमाणे सगळे पासवर्ड बदलले, तेही मोबाइलवरून, त्या मशीनवरून नाही. बँकेचं खातं रोज बघत होते. सुदैवानं तिथून काही गेलं नाही. गेलं असतं तर सायबर फसवणुकीच्या 1930 वर लगेच फोन करायचा, हे पाठ करून ठेवलं होतं.

रॅमचं मी शेवटी सांगतेय कारण मलाही ते शेवटीच कळलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघायला सांगितली. 4 जीबी. स्लॉट वापरात, दोनपैकी एक. मी म्हटलं, माझी आठ आहे, लॉकडाऊनच्या आधी चारची आणखी एक पट्टी मी स्वतः बसवून घेतली होती. झाकण उघडलं. दुसरा स्लॉट रिकामा. आता लक्षात घ्या, नेहमीचं विंडोज असतं तर चार जीबीवर मशीन रडलं असतं आणि मी दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिले असते. सगळं कापून हलकं केलेलं म्हणून ते पळत राहिलं. त्याच्या लाइट विंडोजनं त्याची चोरी झाकली. त्या दिवसांत रॅमचे भाव चढायला लागले होते, हेही नंतर कळलं.

लातूरला गेले. ओळखलंच नाही आधी. मग म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणलात की फालतू काढा!" मराठी फालतू का रे, असं विचारलं तर गप्प. रॅमचं नाव काढल्यावर आवाज चढवला, तुमचं मशीन चारचंच होतं. पट्टीचं जुनं बिल माझ्याकडं होतं, ते काउंटरवर ठेवलं. दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. आत जाऊन एक पट्टी घेऊन आला आणि पिशवीत टाकली. पैसे दिले नाहीत. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, माहीत आहे मला. पण दाखवू काय, कार्डाच्या मागचा आकडा? त्यावर ना विंडोजचं नाव, ना मशीनचा नंबर, ना आत किती रॅम होती ते. देताना टास्क मॅनेजरचा एक फोटो मोबाइलवर काढला असता तरी मी वेगळ्या आवाजात बोलले असते.

भाचा सुट्टीला आला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर अकरा बनवलं. किल्ली विचारली तिथं "माझ्याकडे नाही" म्हणून पुढं गेलो, नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्ह झालं. पहिल्याच तपासणीत डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसनं, डी ड्राइव्हमधली एक फाईल धरली, हॅकटूल म्हणून. त्या पोराचीच, विसरून राहिलेली. मशीन मुळात हळू होतं ते जुन्या हार्ड डिस्कमुळं. तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवल्यावर कुठलंही लाइट लागलं नाही.

आणि नको असलेलं? ते मी आता स्वतःच काढते. स्टार्टमध्ये त्या अॅपवर उजवं बटण, अनइन्स्टॉल. पत्ते, एक्सबॉक्स, बातम्या, वनड्राइव्ह, सगळं गेलं, दहा मिनिटं लागली. मोठं अपडेट आलं की एखादं परत उगवतं, परत उपटायचं, काँग्रेस गवतासारखं. मशीन सुरू होताना आपोआप उठणारी अॅप टास्क मॅनेजरमधून बंद केली, त्याचा फरक सगळ्यात जास्त पडला. एज ब्राउझर मात्र जात नाही. युरोपात कायद्यामुळं तिथल्या लोकांना तो काढता येतो, आपल्याला ते बटण नाही. भाचा सांगत होता, 1998 च्या अमेरिकेतल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजपासून वेगळा होतच नाही, आणि एडवर्ड फेल्टन नावाच्या प्राध्यापकानं तो काढून दाखवणारा प्रोग्रॅमच कोर्टापुढं ठेवला. असो. एज पडून असतो कोपऱ्यात, माझं काही खात नाही.

प्रबंध परत बसवायला चार रात्री गेल्या. वकीलसाहेबांची जुनीच डोंगल चालते.

लातूरहून आणलेली पट्टी मी लावली आहे, चालते. माझी ती नाही. माझीवर निळं स्टिकर होतं. हिच्यावर तिसऱ्याच कुठल्या तरी दुकानाचं वॉरंटीचं स्टिकर आहे, 2022 चं.