चॅप्टर १३चे हप्ते थकले: प्लॅन बदलावा की चॅप्टर ७ कडे वळावं?

अमेरिकेत चॅप्टर १३, म्हणजे कोर्टाने मंजूर केलेल्या प्लॅननुसार हप्त्यांनी देणी फेडायची दिवाळखोरी, चालू असताना नोकरी गेली किंवा ओव्हरटाइम बंद झाला, की हप्ते मागे पडतात आणि केस डिसमिस करावी असा ट्रस्टीचा (हप्ते गोळा करून धनकोंना वाटणाऱ्याचा) अर्ज येऊन धडकतो. त्यावरची उत्तराची तारीख आधी बघा. तोवर वकिलाने उत्तर दिलं, तर बहुधा दोन रस्ते उरतात: प्लॅनमध्ये बदल मागणं किंवा केस चॅप्टर ७ मध्ये नेणं, म्हणजे हप्त्यांऐवजी विकण्याजोगी मालमत्ता विकून धनकोंना देण्याच्या दिवाळखोरीत. मी न्यू जर्सीत पहिला रस्ता धरला, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे.

चॅप्टर ७ चा मोह मात्र खरा आहे. हप्ता थांबतो आणि काही महिन्यांत क्रेडिट कार्डांची, हॉस्पिटलची देणी सुटू शकतात. १३ मधून ७ मध्ये जाणं हा कायद्याने दिलेला हक्कच आहे. शिवाय २०१५ च्या हॅरिस विरुद्ध व्हीगेलान या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार, पगारातून ट्रस्टीकडे गेलेले पण धनकोंना अजून न वाटलेले पैसे तुम्हाला परत मिळतात. भाड्याने राहत असाल, मिळकत खरोखर आटली असेल, आधीचं चॅप्टर ७ ही केस दाखल होण्याआधीच्या आठ वर्षांतलं नसेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही.

घर असेल तर गणित बदलतं. गृहकर्जाची थकबाकी सवडीने फेडण्याची सोय ७ मध्ये नाही. मधल्या काळात घराची किंमत वाढली असेल, तर ती वाढ तुमची की धनकोंची, यावर फेडरल अपील न्यायालयांचं एकमत नाही.

माझं घोडं मात्र अडलं ते सातबाऱ्यावर. दिवाळखोरीत जगाच्या पाठीवर कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते, गावच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सासुद्धा. ती मी १३ मध्येही दाखवली होती. पण तिथे हिस्स्याची किंमत धरून तेवढी रक्कम प्लॅनमधून धनकोंना द्यायची, की जमिनीला कोणी हात लावत नाही. ७ मध्ये नवा ट्रस्टी येतो, पुन्हा शपथेवर प्रश्नोत्तरं होतात, आणि विकण्याजोगं काय आहे ते शोधणं हेच त्याचं काम. आमच्या उताऱ्यावर सगळ्या काकांची नावं, वाटणी झालेली नाही, फेरफार अर्धवट. तो हिस्सा विकायला कोणी इथून खरंच गेलं असतं असं मला वाटत नाही. पण कागद आणि मूल्यांकन मागितलं असतंच, आणि त्यासाठी काकांना फोन करून कारण सांगावं लागलं असतं. तो फोन मला करायचा नव्हता. त्यात १३ मधून आपण होऊन बाहेर पडता येतं. ७ मध्ये त्यासाठी कोर्टाला सबळ कारण पटवावं लागतं.

प्लॅन बदलणं काही सुखाचं नाही. उत्पन्न-खर्चाचे तक्ते नव्याने, पगाराच्या स्लिपा, वकिलाची वेगळी फी, धनकोंना किमान २१ दिवसांची नोटीस. किराणा इतका कसा, असले प्रश्नही येतात. पण थकलेले हप्ते उरलेल्या महिन्यांवर पसरता येतात, किंवा विनातारण देण्यांचा वाटा कमी करून हप्ताच उतरवता येतो. माझ्या बाबतीत कार्डवाल्यांचा वाटा घटला आणि हप्ता पेलवण्याइतका झाला. जमिनीच्या त्या किमतीखाली मात्र तो वाटा नेता आला नाही. मुदतही पहिल्या हप्त्यापासून पाच वर्षांपुढे जात नाही. कोविडमधली सात वर्षांची सवलत मार्च २०२२ मध्ये संपली; कोणी अजून ती सांगत असेल तर सोडून द्या. म्हणून प्लॅनच्या शेवटच्या वर्षात असाल तर ही वाट तुम्हाला अरुंद पडू शकते.

केस पडू द्यायची आणि पुन्हा दाखल करायची, असंही काही जण सुचवतात. वर्षाच्या आत परत आलात तर वसुलीला मिळणारी स्थगिती ३० दिवसांतच संपू शकते, आणि ती वाढवून मागायला त्याच मुदतीत कोर्टापुढे उभं राहावं लागतं. घर वाचवायचं असेल तर मी त्या फंदात पडणार नाही.

बदललेला प्लॅन मंजूर झाल्यावर नवी नोकरी लागली, तर पगारातून हप्ता कापण्याचा आदेश नव्या कंपनीला पोचला का, ते स्वतः विचारा. तोवर हप्ता आपल्या हाताने ट्रस्टीकडे भरायचा असतो.