दुभंगलेला ओठ आणि टाळू: मोफत शस्त्रक्रियेची सेवा कशी आहे?

स्माइल ट्रेन ही १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली संस्था. भारतात ती इथल्याच रुग्णालयांना आणि डॉक्टरांना पैसा आणि प्रशिक्षण पुरवते. पालकांना ऑपरेशनचा खर्च पडत नाही. या सेवेचं खरं मोल इथल्या डॉक्टरांत आहे. दुभंगलेल्या ओठाचं मूल एका ऑपरेशनमध्ये सुटत नाही. टाके घालणारा डॉक्टर दहा वर्षांनीही तिथेच सापडावा लागतो.

ओठाचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांच्या वयात होतं. जुना ठोकताळा अजून चालतो: वय १० आठवडे, वजन साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. बहुतेकदा वजनावरच अडतं. तोंडातली टाळू उघडी असली की बाळाला दूध ओढता येत नाही, ते नाकातून बाहेर येतं. अशा वेळी महागड्या बाटलीपेक्षा घरातलं बोंडलं कामाला येतं. आईचं काढलेलं दूध, बाळाला उभट धरून, थोडं थोडं पाजायचं आणि मधेमधे ढेकर काढायची. सर्दी-खोकला असेल तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात. भुलीत श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो, तेव्हा हुज्जत घालू नये.

टाळू शिवतात ९ ते १८ महिन्यांत. त्यानंतर दोन-तीन आठवडे गाळलेली पेज, वरणाचं पाणी, दूध; प्रत्येक वेळी वरून पाणी. बिस्कीट नाही, चमचा तोंडात खोलवर नाही. बाळाने बोटं तोंडात घालू नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतात. रडतं म्हणून घरी त्या सोडल्या तर टाका उसवू शकतो, टाळूला भोक राहू शकतं आणि मग पुन्हा ऑपरेशन.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वाचेकडे. ओठ छान दिसला की घरचे येणं बंद करतात. टाळूचा स्नायू कमी पडला तर हवा नाकातून निसटते आणि मूल ‘बाबा’ला ‘मामा’ म्हणतं. घरी करून बघा: मुलाला ‘पापापा’ म्हणायला लावून नाकाखाली छोटा आरसा धरा. आरसा धुरकटला तर वाचोपचार तज्ज्ञाकडे न्या. कानात पाणी साठून ऐकू कमी येतं, तेही तपासून घ्या. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड भरतात, म्हणजे सुळ्याला उतरायला आधार मिळतो. ज्या केंद्रात वाचोपचार आणि दातांचे डॉक्टर एकाच छपराखाली आहेत तेच निवडा, भले ते दोन तास लांब असो.

नाक फक्त सुबक दिसावं म्हणून केलेलं ऑपरेशन वर्षभर थांबलं तरी काही बिघडत नाही. उघड्या टाळूला ती सवड नाही. कायद्यातही हा फरक आहे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो. जन्मजात व्यंग, अपघात किंवा इजेनंतरच्या दुरुस्तीला तो माफ आहे. दुभंगलेल्या ओठामुळे वाकडं राहिलेलं नाक सतराव्या-अठराव्या वर्षी सरळ करतात, तेही दुरुस्तीतच मोडतं. त्याला कुणी ‘हौस’ म्हणालं तर ऐकून घेऊ नये, आणि केसपेपरवर ‘जन्मजात’ हा शब्द लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.